बाण कुठे थांबतो?

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन उघडा, त्यात एक आकृती असतेच. डावीकडे हिरवा गोल, त्यात ‘स्टार्ट’. मग ओळीने निळ्या चौकटी: तिकीट, ब्रँच, कोड, रिव्ह्यू, टेस्टिंग, डिप्लॉय. मध्ये एक शंकरपाळं, त्यात ‘अप्रूव्ह्ड?’ असा प्रश्न, आणि त्यातून बाहेर पडणारा एकुलता एक बाण, ‘येस’ असं लिहिलेला. ‘नो’च्या बाणाला एकतर कागदावर जागा उरलेली नसते, किंवा जागा असते पण तो नेऊन टेकवायचा कुठे यावर टीमचं एकमत नसतं, मग तो काढलाच जात नाही आणि मतभेद आपोआप मिटतो. उजव्या टोकाला तांबडा गोल, ‘एंड’. या आकृतीच्या राज्यात कुणी आजारी पडत नाही, कुणाकडे गणपती बसत नाहीत, कुणाचा नोटीस पिरियड चालू नसतो आणि अप्रूव्हल देणारा माणूस ज्या खंडात राहतो तिथे कधी रात्र होत नाही. काम हिरव्या गोलातून निघतं ते थेट तांबड्या गोलात जाऊन पडतं. इतकं सगळं झरझर होत असताना याच मंडळींना रिलीजच्या आदल्या रात्री ऑफिसात जेवण का मागवावं लागतं, याचा उलगडा काही आकृतीवरून होत नाही.

बरं, ही आकृती काढणारे लोक वेळेच्या बाबतीत भोळे आहेत म्हणावं, तर तसंही नाही. मुळशी तालुक्याच्या काठावरचं जांबे घ्या. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क वाढत गेलं तशी तिथे काम करणारी मंडळी मारुंजी, नेरे, जांबे अशा गावांकडे राहायला सरकली. उसाच्या बांधाला लागून टॉवर उभे राहिले. नकाशात जांबे ते हिंजवडी ही रेघ बोटाच्या एका पेरात मावते. पण जांब्यात राहणारा कुणीही इंजिनिअर त्या रेघेच्या लांबीवरून घरातून निघायची वेळ ठरवत नाही. तो मोबाइलवर रेघेचा रंग बघतो. निळा असेल तर लगेच निघतो, केशरी असेल तर देवाचं नाव घेऊन निघतो, आणि गर्द तांबडा असेल तर ‘आज वर्क फ्रॉम होम’ असा मेसेज टाकून पुन्हा चहा टाकतो. हाच माणूस दहा वाजता ‘रिव्ह्यू’ आणि ‘मर्ज’ यांच्या मध्ये अर्ध्या इंचाचा काळा बाण काढतो आणि तो काळाच ठेवतो. त्या अर्ध्या इंचात कामं चार-चार दिवस पडून राहतात हे त्याला ठाऊक असतं, टीमला ठाऊक असतं, मॅनेजरला तर नक्कीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त गेल्या सोमवारी रुजू झालेल्या मुलीला, आणि आकृती तर तिच्यासाठीच काढलेली असते.

तेव्हा अशा आकृत्या सुधारायच्या कशा, या प्रश्नावर माझं म्हणणं एवढंच की आधी चौकटींचा नाद सोडावा. चौकटींचे कोपरे गोल करा, त्यांना सावली द्या, रंग कंपनीच्या लोगोशी जुळवा. समजण्यात काडीचा फरक पडत नाही. काम चौकटीत होतं हे खरं, पण वेळ बाणात जातो आणि भांडणंही बाणावरच होतात. ‘मी माझ्याकडून पाठवलं होतं’ आणि ‘माझ्यापर्यंत आलंच नाही’ ही दोन्ही वाक्यं बाणावर उभं राहून बोललेली असतात. म्हणून काम इथे कुणाच्या हातात थांबतं, साधारण किती वेळ थांबतं, आणि नापास झालं तर परत कुठे जातं, एवढं बाणावर लिहिलं नसेल तर ती आकृती सुविचाराच्या पाटीइतकीच उपयोगी. भिंतीवर बरी दिसते, आणि तिच्याखालून लोक आपापल्या मार्गाने जातात.

यात नवं काहीच नाही, आणि गंमत तीच आहे. कामाच्या ओघाची आकृती काढायची कल्पना फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने १९२१ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. फ्रँक मुळात गवंडीकामातून वर आलेला, लिलियन मानसशास्त्र शिकलेली, आणि घरात बारा मुलं झालेली. कुठलं काम कुणामुळे अडतं याचा अभ्यास त्यांना घरबसल्याही करता आला असणार. पुढे १९४७ मध्ये त्याच संस्थेने या आकृत्यांसाठी पाच चिन्हं प्रमाण ठरवली: प्रत्यक्ष कामासाठी वर्तुळ, तपासणीसाठी चौकोन, इकडून तिकडे नेण्यासाठी जाड बाण, साठवणीसाठी उलटा त्रिकोण, आणि खोळंब्यासाठी रोमन लिपीतल्या ‘डी’ अक्षराच्या आकाराचं एक चिन्ह. पाचांतलं एक चिन्ह त्यांनी नुसत्या खोळंब्याला दिलं होतं! कारखान्यात माल तयार होतो त्यापेक्षा जास्त वेळ तो कुणाची तरी वाट बघत पडून असतो, हे त्या लोकांना कळलेलं होतं आणि ते कागदावर मांडायची त्यांना लाज वाटत नव्हती.

त्याच १९४७ साली प्रिन्स्टनमध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रासाठी गणितं कशी मांडावीत यावर एक अहवाल लिहिला. त्यात चौकटी होत्या, बाण होते, फाटे होते. फक्त खोळंब्याचं चिन्ह नव्हतं, आणि ते नसणं अगदी रास्त होतं. यंत्र एका आज्ञेवरून दुसऱ्या आज्ञेवर जाताना चहाला जात नाही. ‘बघतो आणि सांगतो’ असं म्हणत नाही. त्याचा एक रजिस्टर दुसऱ्यावर रुसत नाही. तिथे बाणाला खरोखरच वेळ लागत नव्हता, किंवा लागत होता तो माणसाच्या मोजमापाच्या पलीकडचा होता. गडबड पुढे झाली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हातात होती तीच यंत्राची चित्रलिपी उचलली आणि आपण स्वतः एकमेकांशी कसं काम करतो, हेही त्याच लिपीत काढायला घेतलं. परिणामी प्रत्येक टीमच्या आकृतीत माणसं आज्ञांसारखी वागू लागली: एक संपली की दुसरी, क्षणात. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्या आणि ‘लीन’ उत्पादनपद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला ही आकृती दाखवा, तो पहिला प्रश्न विचारेल, ‘वेटिंग टाइम कुठे लिहिलाय?’ त्यांच्या व्हॅल्यू स्ट्रीम मॅपच्या तळाशी करवतीच्या दात्यांसारखी एक रेघ असते. त्यात काम किती मिनिटांचं आणि थांबणं किती दिवसांचं, हे दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर लिहिलेलं असतं. एकाच सोसायटीत एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन इंजिनिअरांपैकी चाकणला जाणाऱ्याकडे खोळंब्याचं चिन्ह आहे आणि हिंजवडीला जाणाऱ्याकडे नाही. म्हणजे, आहे. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये आकारांची जी यादी उघडते, तिच्यात फ्लोचार्टच्या गटात ‘डिले’ नावाने ते बिचारं आजही बसलेलं आहे. त्याच्यावर क्लिक झाल्याचं ऐकिवात नाही.

यावर एक समजूतदार आक्षेप असा घेतला जातो की आकृती म्हणजे नुसता सारांश. बारकावे खालच्या मजकुरात असतात, ज्याला हवे तो वाचेल. मजकुराबद्दल मला अपार आदर आहे, पण सॉफ्टवेअरचा इतिहास सांगतो की चित्र प्रवासाला निघतं तेव्हा मजकुराला घरीच ठेवून निघतं. विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध हे याचं सर्वांत महागडं उदाहरण. मोठे प्रकल्प कसे हाताळावेत यावरच्या त्या निबंधात सुरुवातीला एक आकृती आहे: गरजा, विश्लेषण, आराखडा, कोड, चाचणी, अशा पायऱ्या एकीखाली एक उतरत जाणाऱ्या. खाली रॉइस स्वच्छ लिहितात की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, यात अपयशाला आमंत्रण आहे. पुढच्या आकृत्यांत ते परतीचे बाण काढतात. चाचणीतून काम थेट आराखड्यापर्यंत कसं मागे फेकलं जातं तेही काढून दाखवतात. सगळं एकदा करून पाहून मग दुसऱ्यांदा करा असंही सुचवतात. जगाने काय उचललं? सुरुवातीची, देखणी, परतीचे बाण नसलेली आकृती. तिचं पुढे ‘वॉटरफॉल’ असं बारसंही झालं, जो शब्द निबंधात कुठेही नाही, आणि तिच्या नावाने कित्येक दशकं करार झाले, परीक्षेत प्रश्न आले, पुणे विद्यापीठापासून कुठल्याही विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी ती पाच मार्कांसाठी पट्टी घेऊन काढली. ज्या माणसाने ‘असं करू नका’ म्हणून चित्र काढलं, तो त्या चित्राचा जनक म्हणून ओळखला जातो. धोक्याचा इशारा चौकटीच्या आत असता तर कदाचित टळलं असतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे आणि हिंजवडीतल्या अनेक भिंतींना ठाऊक आहे. २०१० च्या जानेवारीत व्हिन्सेंट ड्रीसेन या डच इंजिनिअरने गिट हे कोडचे बदल सांभाळणारं साधन वापरून टीमने काम कसं करावं याची एक आकृती प्रसिद्ध केली. रंगीबेरंगी ठिपके, वरून खाली उतरणाऱ्या समांतर रेघा, त्यांना जोडणारे बाण. एक रेघ डेव्हलपची, एक मास्टरची, बाकीच्या फीचर, रिलीज आणि हॉटफिक्सच्या. गिट तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं, लोक भांबावलेले होते, आणि ही आकृती आली. लोकांनी तिच्या प्रिंट काढल्या, भिंतीवर लावल्या, मुलाखतीत विचारल्या. तीन माणसांची टीम दिवसातून पाच वेळा वेबसाइट बदलते आहे, तरी पंचवीस जणांच्या टीमसारख्या रिलीज ब्रँच काढते आहे, असं दृश्य सर्रास दिसू लागलं. अखेर २०२० मध्ये खुद्द ड्रीसेनने मूळ लेखाच्या वर एक टीप जोडली: ज्या सॉफ्टवेअरच्या क्रमांक दिलेल्या आवृत्त्या निघतात त्यांना हे ठीक, पण सतत बदलणाऱ्या वेबसाइटसाठी याहून साधी पद्धत घ्या, आणि रामबाण उपाय असा काही नसतो. टीप प्रामाणिक आहे, नेमकी आहे, आणि मजकुरात आहे. भिंतीवरच्या प्रिंटवर ती उगवण्याची शक्यता नाही. ड्रीसेनच्या आकृतीत बाण भरपूर आहेत, पण ‘या बाणावर केव्हा चालायचं नाही’ हे एकाही बाणावर लिहिलेलं नाही.

खरा तगडा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो: आकृत्या हव्यातच कशाला? या पक्षाचे वकील मोठे आहेत. आयबीएमच्या अजस्र ओएस/३६० प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात फ्लोचार्टची यथेच्छ खिल्ली उडवली आहे. अनुभवी प्रोग्रामर आधी फ्लोचार्ट काढून मग प्रोग्रॅम लिहितो हे त्यांनी पाहिलेलंच नाही, बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर नियम आहे म्हणून फ्लोचार्ट काढला जातो, असा त्यांचा सूर आहे. (कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत आधी आउटपुट चिकटवून मग अल्गोरिदम लिहिणाऱ्या तमाम महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको.) दोनच वर्षांनी बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले: प्रोग्रॅम लिहिताना, समजून घेताना, चुका शोधताना, बदलताना, तपशीलवार फ्लोचार्ट असल्या-नसल्याने लक्षणीय फरक दिसला नाही. आता हे पुरावे मी नाकारत नाही, उलट माझ्याच बाजूचे मानतो. ते प्रोग्रॅमच्या फ्लोचार्टबद्दल आहेत. प्रोग्रॅममध्ये काय होतं ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं. शेजारी त्याचं चित्र काढणं म्हणजे सातबारा हातात असताना शेताचं वर्णन ऐकत बसणं. पण पुल रिक्वेस्ट टाकल्यावर ती कुणाच्या डोळ्यांखालून जायला हवी, सिक्युरिटीवाले आठवड्यात कुठल्या वारी बसतात, टेस्टिंगमध्ये नापास झालेलं काम मूळ माणसाकडे जातं की जो रिकामा असेल त्याच्याकडे, हे कुठल्याही कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते चार जुन्या माणसांच्या डोक्यात असतं, आणि त्यांतले दोघे येत्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत जाणार असतात. ब्रुक्स आणि श्नायडरमन यांनी जे चित्र निरुपयोगी ठरवलं तेच आपण मन लावून काढतो, आणि ज्याची गरज आहे ते काढत नाही.

असं चित्र काढता येतं का, याचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. जांब्याच्या जमिनीच्या कागदांत तो पडलेला आहे. जमीन विकली की सातबाऱ्यावर नवं नाव चढवायची जी रीत आहे, ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये आहे. तलाठ्याने आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घ्यायची. तिची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना नोटीस द्यायची. हरकतीला मुदत ठेवायची. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत, सहा-अ मध्ये जाते. तिच्यावर सुनावणी होते. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हाताने लिहायच्या काळात तोवर सातबाऱ्यावरची नोंद पेन्सिलने असायची. प्रमाणित झाल्यावर तिच्यावर शाई फिरायची. गिटचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी ड्राफ्ट, रिव्ह्यू, ऑब्जेक्शन आणि मर्ज या चारही गोष्टी धोतर-टोपी घालून चावडीत बसलेल्या होत्या. आणि ‘अप्रूव्ह्ड?’ या शंकरपाळ्यातून निघणारा ‘नो’चा बाण हवेत विरत नाही, त्याला स्वतःची नोंदवही आहे, तिला क्रमांक आहे. आज हे सगळं ऑनलाइन आहे. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा पुणे, तालुका मुळशी, गाव जांबे असं निवडलं की प्रलंबित फेरफारांची यादी येते: क्रमांक, प्रकार, तारीख, गट क्रमांक, आणि हरकत नोंदवायची शेवटची तारीख. हा शेवटचा रकाना म्हणजेच १९४७ च्या त्या पाचांतलं खोळंब्याचं चिन्ह. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, गाव अजून तलाठीच म्हणतं; तरी नोंद त्या पदाकडे येते, माणूस बदलला म्हणून रीत बदलत नाही. जांब्याच्या ज्या शेतावर इमारत उभी राहिली, ते शेत या नीटनेटक्या वर्कफ्लोतून जाऊन फ्लॅटचं रूप घेतं, आणि त्या फ्लॅटमध्ये राहायला येणारा माणूस ऑफिसात परतीच्या बाणाशिवाय आकृती काढतो.

इथे हिंजवडीकडून हसण्याचा आवाज येणार. महसूल खात्याची रीत आम्ही आदर्श मानायची? जिथे एका नोंदीसाठी माणूस तालुक्याला हेलपाटे घालून चपला झिजवतो? हसू रास्त आहे, निष्कर्ष नाही. ती रीत वेगवान आहे असा दावा मी केलेला नाही. तसा दावा पौडला मुळशीच्या तहसील कचेरीबाहेर उभं राहून करण्याचं धाडस माझ्यात नाही. माझा दावा इतकाच की काम अडलं तर ते कुठे अडलंय हे तिथे बोट ठेवून सांगता येतं. हेलपाटे घालणाऱ्या माणसाला विचारा. ‘नोंद पडलीय, नोटीस लागलीय, सर्कलकडे अडकलंय’ असं तो तीन तुकड्यांत अचूक सांगेल. हाच प्रश्न ऑफिसातल्या स्टँडअप मीटिंगमध्ये विचारून बघा. ‘इट्स इन प्रोग्रेस’ याच्यापुढे गाडी जात नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर तर सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर तक्ते लागले: सेवा कुठली, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, त्याने नाही केलं तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे. त्यात एकही बाण नाही, एकही गोल नाही, रंगाची तर बातच सोडा. तरीही वर्कफ्लोची आकृती म्हणून तो तक्ता बहुतेक कंपन्यांच्या आकृतीपेक्षा सरस आहे, कारण त्यात ‘नाही झालं तर’ हा रकाना आहे. सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्या अपिलाला ‘एस्कलेट करणं’ म्हणतात, आणि ते कुणाकडे करायचं हे विचारण्यासाठीही आधी कुणालातरी एस्कलेट करावं लागतं.

मग कलाप्रेमींचा आक्षेप. एवढं सगळं बाणांवर लिहिलं, सगळे परतीचे बाण काढले, तर आकृतीची मच्छरदाणी होईल. होईल ना. सगळं एकाच आकृतीत कोंबायचा हट्ट धरला तर होणारच. पण हा हट्ट धरलाय कुणी? ‘माझा कोड मर्ज कसा होतो’ हा एक प्रश्न आहे, ‘रात्री दोनला सर्व्हर पडला तर कुणाला उठवायचं’ हा दुसरा. दोघांची दोन चित्रं काढावीत; पहिला प्रश्न विचारणारा आणि दुसरा विचारणारा हे एकच असले तरी त्यांची मनःस्थिती एक नसते. परतीचे बाणही सगळे काढायचे नसतात. जो रस्ता महिन्यातून अनेकदा तुडवला जातो तेवढाच काढायचा. वर्षातून एकदा येणाऱ्या संकटाला खाली एक ओळ पुरते. आणि एवढं करूनही चित्र गुंतागुंतीचं दिसलं, तर दोष कागदावरच ढकलावा असं नाही. एका रिव्ह्यूसाठी काम सात ठिकाणी फिरत असेल, तर चित्र कुरूप येणारच. एक्स-रे सुबक यावा म्हणून हाड सरळ काढा, असं रेडिओलॉजिस्टला कुणी सांगत नाही.

शिळेपणाचा आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखा आहे. आज नाव लिहिलं, उद्या माणूस गेला. आज ‘दोन दिवस’ लिहिलं, पुढच्या तिमाहीत टीम निम्मी झाली. यावर अर्धा इलाज चावडीनेच सांगितलाय, माणसाऐवजी पद लिहा. मात्र ‘टीम’ हे पद नव्हे. ज्या बाणावर ‘टीम’ लिहिलेलं असतं तिथे कुणीच नसतं. उरलेला अर्धा इलाज साधनांत आहे. चित्र एका माणसाच्या लॅपटॉपवर, एका ड्रॉइंगच्या फाइलमध्ये असेल आणि प्रकल्पात तिचा नुसता फोटो चिकटवलेला असेल, तर ते दुरुस्त होणं अशक्य. मूळ फाइल कुणाकडे आहे हे शोधण्याचाच एक वर्कफ्लो तयार होतो. त्यापेक्षा चित्र मजकुरातून उभं करणारी साधनं आहेत. ‘मर्मेड’ नावाचं असं एक साधन क्नूट स्वेडक्विस्ट याने २०१४ मध्ये सुरू केलं, आणि २०२२ पासून गिटहबवर ते थेट चालतं. चार साध्या ओळी लिहायच्या, चौकटी आणि बाण ते स्वतः मांडतं. बाणावर मजकूर लिहायची सोय त्यात आहे, आणि नव्या आवृत्त्यांमध्ये खोळंब्याचं ते ‘डी’ चिन्हसुद्धा आहे. असं चित्र कोडच्या शेजारीच राहतं. ज्या पुल रिक्वेस्टने रीत बदलते त्याच पुल रिक्वेस्टमध्ये चित्राची ओळ बदलता येते, आणि रिव्ह्यू करणारा म्हणू शकतो की नियम बदललास, बाण कुठे बदललास? मांडणी देखणी येत नाही अशी तक्रार होते. येत नाही, खरं आहे. बाण कधीकधी उगाच वळसा घालून जातात, पुण्यात रिक्षा जाते तसे. पण जे चित्र फार सुंदर नसतं ते बदलताना हात कापत नाही, हा त्याचा गुणच म्हणायचा.

हल्ली आणखी एक उत्तर हमखास मिळतं: आकृती एआय काढून देईल. देईल की. कोड दाखवला तर कोडची, मजकूर दाखवला तर मजकुराची, आणि काहीच दाखवलं नाही तर हिरव्या गोलापासून तांबड्या गोलापर्यंतची तीच जगन्मान्य आकृती तो क्षणात काढेल, कारण जगात त्याने तीच सर्वांत जास्त पाहिलेली असणार. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आलेलं रिव्ह्यूचं काम मंगळवारपर्यंत उघडलं जात नाही, हे त्याला कुणी सांगितलं तरच कळणार, आणि ते सांगायचं धैर्य असतं तर तुम्ही ते स्वतःच काढलं असतं.

कारण धैर्याचाच प्रश्न आहे, आणि हा आक्षेप कुणी तोंडाने घेत नाही. ‘डी’चं चिन्ह गेल्या पाऊणशे वर्षांत हरवलं ते विसरल्यामुळे नव्हे. चौकट काढली की कुणाचंतरी काम दिसतं, त्याला बरं वाटतं. खोळंबा काढला की त्याच्याही शेजारी कुणाचंतरी पद लिहावं लागतं, आणि त्याला बरं वाटत नाही. ‘आर्किटेक्टची मंजुरी, साधारण सहा दिवस’ असा बाण काढणारा ज्युनिअर इंजिनिअर पुढच्या अप्रेझलला त्याच आर्किटेक्टसमोर बसणार असतो. म्हणून तो बाण काळा ठेवतो, अर्ध्या इंचाचा ठेवतो, आणि सगळ्यांशी गोड राहतो. आळशीपणामुळे आकृत्या खोट्या होतात असं मानणाऱ्यांना मी सुचवीन की त्यांनी थोडं सभ्यतेकडेही बघावं.

तरीही समजा, कुणी एकाने ते चिन्ह टाकलंच. समजा प्रत्येक बाणावर पद लिहिलं, दिवस लिहिले, ‘नो’चा बाण नेऊन योग्य चौकटीत टेकवला, आणि हे सगळं मंजुरीसाठी पाठवलं. तासाभरात प्रतिक्रिया सुरू होतील. टेस्टिंगवाले म्हणतील आमच्या नावावरचे दिवस आमचे नाहीत, डेव्हलपमेंटकडून अर्धवट आलेलं असतं म्हणून. सिक्युरिटीवाले म्हणतील आमचा ‘डी’ डावीकडे सरकवा, तो प्रॉडक्टवाल्यांचा आहे. आर्किटेक्ट विचारेल हे सहा दिवस मोजले कुणी, आणि मग गुपचूप स्वतः मोजून बघेल. दोन खात्यांमध्ये एका बाणाच्या मालकीवरून तासाची मीटिंग लागेल, तिचं निमंत्रण अठरा जणांना जाईल, आणि त्या मीटिंगला येताना हे अठराच्या अठरा जण प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन पहिल्यांदा वाचून आलेले असतील.